बसवणं

दौलतगंजात, पिठाच्या गिरणीमागे
दिगूमामांची खोली.
भिंतीवर क्लबचा परवाना, काचेत,
बाकाला बोल्ट ठोकून आवळलेली प्रेस,
गजकच्या रिकाम्या डब्यांत
धुऊन वाळवलेली पितळी केसं,
आणि ग्वाल्हेरची मे महिन्यातली दुपार,
जिला खसचा पडदा म्हणजे नुसतं निमित्त.

पन्नास काडतुसं घेऊन गेले होते.
कॅलिपरच्या जबड्यात एकाचं दुसऱ्याशी पटेना.
एक लांब, एक आखूड,
एक त्याहूनही आखूड,
दारातून डोकावून कुणी मान आत घ्यावी तसं.
दोन तर रायफलीत अडली,
बोल्ट लावताना मनगटाला जोर पडला,
काढून पाहिली तर गोळीच्या अंगावर
आट्यांचे बारीक ओरखडे.

"मामा, नीट बसत नाहीत."
"बसायला काय गं, सगळंच बसतं.
घसा बसतो, चटका बसतो,
आमच्या मेव्हण्याचा धंदा बसला तो कायमचाच.
कुठे बसलं, ते बघायचं. चल, देखते हैं."

मला संशय गिरणीचा.
ती सुरू झाली की बाक थरथरतो,
चहाच्या पेल्यात गोल गोल वर्तुळं.
मामांनी गिरणीला माफ केलं.
चष्मा कपाळावर चढवून विचारलं,
"मोजतेस कुठून?"
"टोकापासून."
"टोक!
टोक कारखान्यातूनच वेडंवाकडं येतं,
शंभरातली दहा तर कुरतडल्यासारखी.
ते कुठे टेकतं का नळीला?
टेकतो तो खांदा."

मग खिशातून काढला
भोक पाडलेला एक जुना नट, हाताळून गुळगुळीत,
गोळीचं नाक त्यात घातलं,
खांदा अडला तिथे थांबली.
"आता मोज."

निवड समितीनं माझी शेवटची दहाच तेवढी पाहिली होती,
आधीची पन्नास नाहीत.
हे मी मामांना सांगितलं नाही.
मोजत राहिले.
त्रेचाळीस जुळली, केसाच्या फरकानं.
सात नाहीत.

त्या सातांसाठी डाय उघडली.
आत, गळ्याशी,
मेणाचं काळं कडं, पितळेची पूड मिसळलेलं,
महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात न आलेलं.
काडीला कापूस गुंडाळून मामांनी ते खरवडलं,
मुलाच्या कानातला मळ काढावा तसं,
जपून, आणि थोडं रागावून.
वरचा दांडाही निघाला भलत्याच मापाचा,
बोथट गोळीसाठी घडवलेला.
माझ्या अणकुचीदार गोळ्यांच्या नाकावर
तो अंगठीसारखा वण ठेवत होता.
"बघ, तू लांबी बघत बसलीस,
इथे हा नाक दाबतोय."

सात काडतुसं एकेक करून
प्लास्टिकच्या हातोडीत घातली.
दोन ठोके, कधी तीन,
गोळी मुकाट्यानं मागे सुटते,
दारू वाटीत सांडते, करड्या राळ्यासारखी.
"हे एक बरं आहे,"
मामा वाटी झाकत म्हणाले,
"ह्यातलं काढून परत बसवता येतं."
पुढे काही बोलले नाहीत.
मेव्हण्याचा फोटो परवान्याच्या शेजारीच होता.

वीज गेली. कूलर घरघरून थांबला,
गिरणीही.
नवा दांडा लावून मी दांडीवर हात ठेवला.
"तळाला गेलीस की लगेच उचलू नकोस.
तुझा हात शेवटी घाई करतो,
मी रेंजवरही पाहिलंय.
दोन श्वास थांब."

थांबले.
घामाचा थेंब कोपरावरून बाकावर पडला.
पहिली जुळली. दुसरी जुळली.
तिसरी, कशी कोण जाणे, पुन्हा आखूड.
सगळं तसंच, तीच डाय, तोच हात,
तेच दोन श्वास.

मामांनी ती उलटीपालटी करून पाहिली,
नटात घातली, काढली,
आणि गजकच्या डब्यात वेगळी ठेवली.
"ही राहू दे माझ्याकडे.
कळेल कधीतरी.
तू चौथी घे."